आतून लागणारी कडी

रायगड जिल्ह्यातल्या शाळांना बंदुकीची बातमी अगदीच परकी नाही. उरीच्या हल्ल्याला चार दिवस झाले होते. २२ सप्टेंबर २०१६ ला उरणमधल्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं. ते पोलिसांपर्यंत पोचलं, किनाऱ्यावर हाय अलर्ट लागला, नौदल आणि एनएसजी शोधाला उतरले, दुसऱ्या दिवशी तिथल्या शाळा बंद राहिल्या. कोणी सापडलं नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. ओमानच्या समुद्रात बंद पडलेली ती परदेशी नौका वाहत आली होती, घातपाताचा त्यात संबंध नव्हता. पण जुन्या माणसांना शेखाडी आठवली. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथे आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. श्रीवर्धन-म्हसळ्याकडून येणाऱ्या गाड्या आमच्याच भागातून महामार्गाला लागतात.

हे सगळं पुन्हा बोलण्यात आलं ते पवईमुळे. ३० ऑक्टोबर २०२५ ला ऑडिशनच्या नावाखाली बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसानं स्टुडिओत कोंडून धरलं. पोलिसांनी आत शिरून मुलं सोडवली, तो माणूस गोळी लागून मेला. त्यानंतर माणगावातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत विषय निघाला : कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण शिक्षक-कर्मचाऱ्यांना द्यावं का? समितीनं माझ्या थोरल्या बहिणीचं मत मागितलं. ती त्याच शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. नेमकी त्याच वेळी माझी लेक नाताळच्या सुट्टीत घरी आली होती. ती न्यू जर्सीत एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. दोघींचं बोलणं मी लिहून घेतलं. मधूनमधून मलाही राहवलं नाही, तेही इथे आहे.

आत्या : माझा पहिला प्रश्न साधा आहे. माणगाव-महाडकडच्या पोराचा जीव कशानं जातो? काळ नदी चढली की साकवावरून येणाऱ्या मुलांना आम्ही घरीच थांबा म्हणून निरोप धाडायचो. महामार्गावर ट्रक उडवतो. भाताच्या बांधावर फुरसं चावतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, ८० हून जास्त माणसं गेली. विंचवाचं घे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथलं दुखणं इथे बसून पाहिलं आणि प्राझोसिननं माणसं वाचवली. इथली संकटं इथली आहेत. अमेरिकेचं संकट आणून आमच्या पोरांच्या उशाशी कशाला ठेवायचं?

भाची : मी पोरांच्या उशाशी ठेवा म्हणतच नाहीये, आत्या. प्रशिक्षण मोठ्यांचं. आणि अमेरिकेचं म्हणशील, तर तिथली बंदूक दुकानात मिळते, त्याची लाज तिथल्या लोकांनाही आहे. पण २००७ च्या डिसेंबरात गुरगावच्या शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गातल्याच दोघांनी गोळ्या घातल्या, ते पिस्तूल घरातलं होतं. आणि बंदूक राहू दे, कोयता म्हण. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भर सकाळी एक पोरगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. तिला वाचवलं ते रस्त्यावरच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी. तोच पोरगा शाळेच्या फाटकातून आत आला असता तर?

आत्या : तर शाळेतले मास्तर धावले असते. त्याला प्रशिक्षण लागत नाही.

भाची : धावले असते. कुठल्या दिशेनं?

इथे ताई, म्हणजे लेकीची आत्या, थांबली. तिच्या शाळेचा नकाशा तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. मलाही तो पाठ आहे : लांबलचक व्हरांडा, एका रांगेत वर्ग, प्रत्येक वर्गाला एकच दार, मागच्या खिडक्यांना गज. पळायचं म्हटलं तर व्हरांड्यातूनच पळायचं, म्हणजे येणाऱ्याच्या समोरून. व्हरांड्याच्या टोकाला ग्रिलचं दार, मधल्या सुट्टीत पोरं हायवेकडे धावू नयेत म्हणून कुलूप लावलेलं.

आत्या : बरं, वर्गातच थांबायचं. दार लावायचं. पण ऐक. आमच्या वर्गांना आतून कडीच नाही. होती, आम्हीच काढून टाकली. दोन पोरं आत कोंडून घेऊन दंगा करायची, एकदा बाईंनाच बाहेर ठेवलं. मग सुताराला बोलावून सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढल्या. बाहेर कडी-कोयंडा आहे तो शाळा सुटल्यावर कुलूप घालायला.

भाची : अमेरिकेतल्या सॅंडी हूक शाळेतल्या गोळीबाराचं ऐकलंयस ना? १४ डिसेंबर २०१२. पहिलीतली २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. त्या वर्गांची दारं बाहेर येऊन किल्लीनं बंद करावी लागायची. नंतर राज्याच्या आयोगानं मोठा अहवाल दिला, त्यात एक गोष्ट ठासून सांगितली : प्रत्येक वर्गाचं दार आतून बंद करता आलं पाहिजे. टेक्ससमध्ये युव्हाल्डीला २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथल्या एका वर्गाचं कुलूप नीट लागत नव्हतं, हे आधीपासून माहीत होतं. दुरुस्तीचा कागदच कोणी पुढे सरकवला नव्हता.

आत्या : हे मात्र आपल्यासारखंच झालं.

भाची : म्हणून म्हणते, प्रशिक्षण म्हणजे कमांडोगिरी नाही. आमच्याकडे दर महिन्याला एकदा आगीचा सराव आणि एकदा सुरक्षेचा सराव, असा न्यू जर्सीचा कायदाच आहे. सुरक्षेच्या सरावात मी काय करते सांगू? व्हरांड्यात डोकावते, जवळचं मूल आत ओढते, दार लावते, दिवा घालवते, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीला मुलं बसवते, हजेरी मोजते आणि गप्प बसते. आठ-दहा मिनिटं. संपलं.

आत्या : आणि पहिलीतल्या पोरांना काय सांगतेस? कशासाठी बसवलंय म्हणून?

भाची : शाळेत एखादं जनावर शिरलं तर आपण असं बसायचं, असं सांगतो.

आत्या : म्हणजे खोटं सांगता. मुलाला ते कळतं गं. तुझ्या चेहऱ्यावरून कळतं. मी इतकी वर्षं पहिली शिकवली. बाईंच्या हाताला कंप आहे की नाही, हे मूल फळ्याआधी वाचतं. दर महिन्याला अंधारात भिंतीला टेकून बसलेलं मूल काय शिकतं? की शाळा ही लपायची जागा आहे.

भाची : त्याचा त्रास होतो, हे तिथेही दिसलंय. सरावानंतर मुलांची झोप उडते, चिंता वाढते, असं अभ्यास सांगतात. काही ठिकाणी तर मूर्खपणाच केला. २०१९ मध्ये इंडियानातल्या एका शाळेत प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षिकांना गुडघ्यावर बसवून पाठीवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडल्या. वळ उठले त्यांच्या अंगावर. त्याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. आता आमच्या राज्यात खोट्या गोळ्यांचे आवाज, खोटं रक्त असलं काही मुलांसमोर करायला मनाई आहे.

माझं मत इथेच सांगतो. माणगावच्या शाळेत मुलांना घेऊन बंदुकीचा सराव करू नये. एकदाही नाही. दीड-दोनशे पोरांच्या मनात ती भीती घालायला जे कारण लागतं, ते आपल्याकडे नाही. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत मला लेकीचं पटतं. त्याचं कारण अमेरिकेत नाही, मुंबईत आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब आणि त्याचा साथीदार सीएसटीवरून कामा रुग्णालयात शिरले. परिचारिका अंजली कुलथे तेव्हा गर्भवतींच्या वॉर्डात ड्यूटीवर होत्या. त्यांनी वॉर्डाचं दार लावलं, दिवे घालवले आणि २० गर्भवती बायकांना टोकाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आडोशानं प्रसूतिगृहापर्यंत पोचवलं. पुढे कसाबला ओळखून त्यांनी साक्षही दिली. त्याच रात्री स्थानकावर विष्णू झेंडे उद्घोषकाच्या खोलीत होते. गोळीबार कळताच त्यांनी माइक सोडला नाही. लोकांनी कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, ते सांगत राहिले. दोघांचंही काम हत्याराशी संबंध नसलेलं. दोघांनीही लढाई केली नाही. दार, दिवा, आवाज, वाट, एवढंच हाताशी होतं. आणि दोघांनीही कोणाला विचारलं नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ती.

मी हे बोलून दाखवलं, तर ताई वेगळ्याच ठिकाणी अडकली.

आत्या : विचारलं नाही, हे खरं. पण आपल्या शाळेत न विचारता काय होतं? शिपायाला वाटलं फाटक लावावं, तर तो आधी ऑफिसात येणार. सर वर्गावर असतील तर थांबणार. घंटासुद्धा कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे दुसऱ्या दिवशी विचारलं जातं. एकदा माझ्याच शाळेत पावसाचा जोर बघून एका मदतनीस बाईनं मुलांना लवकर आत घेतलं, तर तिलाच बोलणी खावी लागली होती. कोणाची होती ती बोलणी, ते राहू दे.

भाची : युव्हाल्डीत शेकडो पोलीस होते, आत्या. ७७ मिनिटं कोणी वर्गात शिरलं नाही. हुकूम कोण देणार, यातच वेळ गेला. आमच्या शाळेत नियम असा आहे की दारं बंद करा ही हाक कोणीही देऊ शकतं. सफाई कामगार देऊ शकतो, डबेवाली बाई देऊ शकते. हाक चुकीची निघाली तरी तिला कोणी बोलायचं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, त्यात आमच्या भागात वाढलेली अलिसा अल्हाडेफ ही मुलगी गेली. तिच्या नावानं न्यू जर्सीनं पुढच्याच वर्षी कायदा केला : सरकारी शाळेत धोक्याचं मूक बटण हवं, दाबलं की थेट पोलिसांना कळावं.

आत्या : बटणाचं सोड. आमच्याकडे वीज जाते. मला घंटेचं सांग. आपली घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आणि हातोडा. तीन टोले प्रार्थनेला, दोन तास बदलला की, आणि लांब घंटा झाली की शाळा सुटली. पावसात अचानक सुट्टी देतानासुद्धा लांब घंटाच. आता घाबरलेला माणूस घंटा कशी वाजवेल? लांबच वाजवणार. आणि लांब घंटा ऐकली की दोनशे पोरं दप्तरं उचलून बोंब ठोकत फाटकाकडे धावणार. फाटकात कोण उभा असेल?

हे ऐकून लेक गप्प झाली, मीसुद्धा. पार्कलंडला थोड्याफार फरकानं तेच घडलं होतं. गोळीबाराच्या धुळीनं आगीचा भोंगा वाजला आणि वरच्या मजल्यावरची मुलं आग लागली समजून वर्गाबाहेर आली. आगीला आणि भूकंपाला बाहेर पडायचं असतं, हत्यारबंद माणूस किंवा पिसाळलेलं कुत्रं आलं तर आत जायचं असतं. दोन्हींना एकच घंटा असेल, तर ती घंटाच जीव घेते. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ ला ९४ मुलं आगीत गेली, तेव्हापासून आपण शाळेची दारं मोकळी ठेवा म्हणतो आणि तेही बरोबरच आहे. म्हणून आत घेण्याची खूण निराळी हवी. ताईनं तिथल्या तिथे सुचवलं : त्यासाठी घंटा नकोच, पीटीच्या सरांची शिट्टी घ्या, तुटक आणि न थांबता. शिट्टी प्रत्येक शिक्षकाच्या गळ्यात, स्वयंपाकघरात खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडेही. आणि आतल्या कड्या पुन्हा बसवायच्या, पण उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा.

एवढं एकमत झाल्यावर मला वाटलं वाद संपला. तो खरा पुढेच होता.

आत्या : आता माझी भीती ऐक. तुम्ही दार लावायला शिकवाल. पण पवईत दार कोणी लावलं होतं? त्या माणसानंच. मुलं त्याच्याकडे विश्वासानं गेली होती. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरचा जो अत्याचार उघड झाला, त्यात बाहेरचा कोणी भिंत चढून आला नव्हता, शाळेतच कामाला ठेवलेला होता. आपल्याकडे मुलाला धोका असतो तो ओळखीच्या माणसाकडून, बंद दाराआड. मग ज्या शाळेत दार उघडं राहणं हीच मुलीची सुरक्षा आहे, तिथे तू आतून कडी लावायला शिकवतेस.

भाची : हे मी मान्य करते. आमच्याकडेही एका मोठ्या माणसानं एका मुलासोबत बंद दारामागे राहायचं नाही, असा दंडक आहे. कडी संकटापुरती. एरवी दार उघडं.

आत्या : दंडक लिहून होत नाहीत. बदलापूरनंतर सीसीटीव्ही बसवा, सखी सावित्री समिती नीट चालवा, तक्रारपेटी लावा म्हणून सरकारनं सांगितलं. २०१४ च्या डिसेंबरात पेशावरच्या शाळेत सव्वाशेहून जास्त मुलं मारली गेली, तेव्हाही केंद्राकडून सूचना आल्या होत्या : पक्की भिंत, फाटकं, पहारेकरी. तेव्हा शाळेच्या मागच्या बाजूला भिंतच नव्हती, करवंदाची जाळी होती. आणि पहारेकरी कुठून आणू? डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायाची पदं रिकामी झाली की भरायची नाहीत, त्याऐवजी शिपाई भत्ता घ्या, असं ठरलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर शिपाई नसतोच. फाटकावर उभं कोण राहणार? वर्गावरचा मास्तर, ज्याच्या डोक्यावर मतदार याद्या आहेत, ऑनलाइन माहिती आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे. आणि उद्या काही झालं तर तुझं प्रशिक्षण झालं होतं ना, म्हणून चौकशी त्याचीच.

भाची : म्हणजे प्रशिक्षणाआधी माणूस मागायला हवा.

आत्या : हो. हे आधी लिही.

ताईचं हे म्हणणं मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत वजनदार वाटलं. फाटकाशी रोज उभा असलेला, प्रत्येक पोराचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव माहीत असलेला एक माणूस जे करतो, ते चार कॅमेरे करत नाहीत. ते पद कागदावर वाचवलेल्या पैशांसाठी घालवलं, हा अन्याय आहे आणि तो शाळेनं मुकाट्यानं सोसू नये.

भाची : पण माणूस मिळाला तर फाटक बंद ठेवशील ना? येणाऱ्याचं नाव, कारण लिहून घेऊन?

आत्या : नाही.

भाची : का गं?

आत्या : आपल्या शाळेत कातकरी वाडीवरची पोरं आहेत. त्यांच्या आया फाटकापाशी येऊन उभ्या राहतात. आत या म्हटलं तरी येत नाहीत. त्यांना व्हरांड्यात बसवायला मला काही वर्षं लागली. त्या फाटकावर कोणी वही पुढे केली, सही कर म्हटलं, तर ती बाई पुन्हा यायची नाही, आणि तिच्या मागोमाग पोरही. वीटभट्टीवर जायच्या दिवसांत ते पोर शाळेत टिकतं, कारण आईला शाळा आपली वाटते. गोळीनं या तालुक्यातलं एकही पोर माझ्या पाहण्यात गेलं नाही. शाळा सुटून गेलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

भाची : वही नको. माणूस असू दे, त्यानं नावानं हाक मारू दे. जिला तो ओळखतो तिला कशाला अडवेल? पण ज्याला ओळखत नाही, त्याच्याबरोबर तो ऑफिसपर्यंत चालत येईल. एवढं तरी?

आत्या : चालत येईल, हे चालेल. पाहुण्याला पोचवायला आपण जातोच.

यापुढे प्रशिक्षणात काय हवं, यावर दोघी भराभर बोलल्या. पोलिसांना ११२ वर काय सांगायचं : शाळेचं नाव, कुठल्या फाटकानं यायचं, माणूस किती आणि कुठे, हातात काय. शनिवार-रविवारी आणि गणपतीत महामार्ग तुंबतो, मुंबईहून विशेष पथक यायचं तर तास जाणार, तेव्हा सुरुवातीची वेळ स्थानिक पोलिसांची आणि आपली. म्हणून त्यांनी आधी येऊन शाळा आतून पाहून जावी. हल्लेखोराशी झुंजायला शिकवू नये, यावर दोघींचं एकमत होतं. फक्त तो थेट वर्गात आलाच, दुसरा मार्गच उरला नाही, तर हाताला येईल ते फेकायचं, याला ताईनं होकारार्थी मान हलवली.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो रक्त थांबवण्यावर. लेकीला हे रीतसर शिकवलेलं आहे. तिनं ताईचीच ओढणी घेऊन दाखवलं : जखमेवर कापड घालून दोन्ही तळव्यांनी, हात ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबायचं. दर मिनिटाला कापड उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावर दुसरं ठेवायचं. खोल जखमेत कापड बोटानं आत भरायचं. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर चार बोटं पट्टी बांधून तिच्यात लाकडी पट्टी अडकवून पीळ द्यायचा, रक्त थांबेपर्यंत. दुखतं, माणूस ओरडतो, तरी सोडायचं नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची.

आत्या : हे आधी शिकवा. उद्याच शिकवा. हायवेवर दर आठवड्याला कोणी ना कोणी पडलेलं असतं, आणि उपजिल्हा रुग्णालय गावातच असलं तरी तिथे पोचेपर्यंत रक्त जातं. सर्पदंशाला मात्र असं आवळायचं नाही, हेही त्याच वर्गात सांगा, नाहीतर आपले लोक फुरसं चावल्यावर पाय बांधून बसतील.

भाची : मग समितीला काय कळवायचं? हो की नाही?

आत्या : मोठ्यांना हो. मुलांना नाही. कड्या, शिट्ट्या, रक्त थांबवणं आणि शिपायाच्या पदाची मागणी, हे एकाच पत्रात. कोणीही शिट्टी वाजवली तर त्याला जाब विचारायचा नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीनं भिंतीवर लावायचं.

भाची : आणि पालकांना सांगायचं की नाही? आमच्याकडे सरावाची खबर घरी द्यावी लागते. मला वाटतं सगळं सांगावं.

आत्या : मला वाटतं सगळं सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावभर होईल, शाळेला धमकी आली म्हणून. उरणला काय झालं ते पाहिलंय आपण.

भाची : उरणला मुलांचं ऐकलं गेलं, हेही पाहिलंय.

आत्या : ते खरं. ते चुकीचं निघालं तरी मुलांचं ऐकलं, हे चांगलंच झालं. ठीक आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पालकसभा आहे. तू बोल. मी बोलले तर मॅडम म्हणतात म्हणून सगळे माना डोलावतील आणि घरी जाऊन घाबरतील. तुला ते प्रश्न विचारतील. वाडीवरच्या बाया मागे बसतील, त्यांच्याकडे बघून बोल.